निम्मी क्षमता, पण निम्मी वीज नव्हे

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या सुमारे 485 गिगावॉट (1 गिगावॉट म्हणजे 1,000 मेगावॉट) वीजक्षमतेपैकी निम्मी आता सौर, पवन, जल आणि अणू या स्रोतांची आहे. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. बातमी खरी आहे, पण ती वाचून निम्मी वीज स्वच्छ झाली असं वाटलं असेल तर फसगत आहे. वापरलेल्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात अजून कोळशातूनच येतात.

वीजनिर्मितीचा संच एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतो, ती त्याची क्षमता. बिल मात्र युनिटांचं येतं. 1 मेगावॉटचा संच तासाला 1,000 युनिट देतो; वर्षाचे 8,760 तास पूर्ण जोराने चालला तर 87.6 लाख युनिट होतील. कोळशावरचा औष्णिक संच 70 टक्के भाराने चालला तर सुमारे 61 लाख देतो. सौर पॅनेलला रात्र आहे, ढग आहेत, कलती उन्हं आहेत. त्याची वर्षाची सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेसतरा लाख. मेगावॉट तेवढाच, वीज साडेतीन पट कमी.

इथे शंकेखोर मंडळी टाळ्या पिटतात आणि तापमानवाढही थोतांड ठरवून मोकळी होतात. ही उडी मला पटत नाही. कोळशाच्या दर युनिटामागे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा त्या साडेसतरा लाख युनिटांनी वर्षाला 1,700 टनांच्या आसपास वाचतो. आणि हा वायू उष्णता अडवतो हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलने प्रयोगशाळेत दाखवलं ते 1859 मध्ये. आपलं राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं 2010 साली. सरकारी आकड्याने फसगत झाली म्हणून टिंडलचा प्रयोग खोटा ठरत नाही.

शंका घ्यायचीच तर दराबद्दल घ्यावी. सौर वीज अडीच रुपये युनिट, असं ऐकवतात ते दुपारच्या विजेबद्दल. दिवे, पंखे, एसी एकदम लागतात ते सूर्य मावळल्यावर. तेव्हाची वीज हवी तर दुपारची साठवावी लागते आणि साठवणुकीचा खर्च त्या अडीच रुपयांत नसतो.

साठवायची कशी, हे सह्याद्रीतल्या घाटघरला दिसतं. तिथल्या 250 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात, मागणी कमी असताना पाणी पंपाने वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी सुमारे 400 मीटर खाली सोडून वीज काढतात. चार युनिट घालावीत तेव्हा तीन परत मिळतात. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की हाती येतं जेमतेम एक युनिट. पूर्ण क्षमतेने एक तास चालायला साधारण 25 कोटी लिटर लागतं. महाराष्ट्राने सह्याद्रीत अशा आणखी बऱ्याच प्रकल्पांचे करार केले आहेत. त्यांत कुठलं जंगल बुडणार आणि ती वीज ग्राहकाला कितीला पडणार, याची उत्तरं मेगावॉटच्या आकड्यात मिळत नाहीत.