पॉलिसीचा मालक आणि पैशाचा धनी

विमा कायदा 1938 चा. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. 1 सप्टेंबर 1956 ला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले आणि दोनच महिन्यांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला. विमा म्हणजे एलआयसी, ही समजूत इथे तेव्हापासून रुजत गेली. मालकाचे हक्क मात्र एजंटाने भरलेल्या फॉर्मातच राहिले.

पॉलिसीचा मालक म्हणजे प्रस्ताव करणारा. लेकराच्या जिवावरची पॉलिसी ते सज्ञान होईपर्यंत बापाच्या किंवा आईच्या ताब्यात असते. तिच्यावर कर्ज काढणे, सरेंडर करणे म्हणजे मुदतीआधी मोडणे, विमा कायद्याच्या कलम 38 खाली ती दुसऱ्याच्या नावे करणे हे हक्क मालकाचे. त्याला नॉमिनीची सही लागत नाही.

घोळ होतो तो नॉमिनीवरून. 1984 मध्ये सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, हक्क वारसांचाच. 2015 च्या दुरुस्तीने कलम 39 बदलले: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. भाऊ, पुतण्या यात नाहीत; ते आजही केवळ स्वीकारणारे. आता आपल्याकडचे नेहमीचे चित्र घ्या. पोराने लग्नाआधी पॉलिसी काढली, नॉमिनी वडील. पुढे बायको आली, लेकरे झाली, नोंद तशीच राहिली. पोरगा गेला तर कायद्याच्या शब्दांनुसार रक्कम वडिलांची, आणि सुनेला कोर्टाची पायरी चढावी लागते. वारसा कायद्यापुढे ही तरतूद किती टिकते, यावर उच्च न्यायालयांचे एकमत नाही. म्हणून लग्न झाले की शाखेत फॉर्म भरून नॉमिनी बदलावा आणि तशी नोंद झाल्याची लेखी पोच मागून घ्यावी. नॉमिनी सज्ञान नसेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्या मोठ्या माणसाचे नावही द्यावे.

पीककर्ज आणि सावकाराची उधारी डोक्यावर असलेल्या घराला 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे कलम 6 जास्त मोलाचे आहे. त्याखाली पतीने स्वतःच्या जिवावर, पण बायको-मुलांच्या लाभासाठी म्हणून काढलेली पॉलिसी त्यांचा ट्रस्ट, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेली ठेव ठरते. धनको, म्हणजे कर्ज देणारा, तिच्यावर जप्ती आणू शकत नाही. अपवाद एकच: धनकोंना बुडवण्यासाठी हप्ते भरले असतील तर तेवढी रक्कम ते मागू शकतात. मात्र ही निवड प्रस्ताव भरतानाच करावी लागते. पुढे मालकालाही लाभार्थी बदलता येत नाही, की त्यांना डावलून कर्ज काढता येत नाही. एजंट हा रकाना बहुधा रिकामाच सोडतात, तेव्हा सही करण्याआधी तो स्वतः विचारून भरून घ्यावा.

कर्जासाठी बँकेकडे पॉलिसी तारण ठेवून असाइनमेंट केली, म्हणजे ती बँकेच्या नावे केली, तरी 2015 पासून नॉमिनेशन रद्द होत नाही; बँकेचे जेवढे येणे, तेवढ्यापुरताच नॉमिनीचा हक्क कमी होतो. कर्ज फिटून पॉलिसी मालकाच्या नावे परतली की तो आपोआप पूर्ववत होतो. त्यासाठी बँकेने पुन्हा नावे केल्याची नोंद विमा कंपनीत व्हायला हवी. कर्ज फिटल्याच्या दाखल्यासोबत तीही मागावी.