‘पूर्वी घरोघरी एकत्र कुटुंब होतं’ : खुलासा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास हा मेसेज फिरतोच : पूर्वी खान्देशात घरोघरी एकत्र कुटुंब होतं, आजच्या पिढीने ते मोडलं.

पंचवीस-तीस माणसांची घरं होती, पण बहुधा जमीनजुमला असलेल्यांची. मोठा वाडा लक्षात राहतो, मजुराची झोपडी नाही. 1911 च्या जनगणनेत देशात घरामागे सरासरी पाचच्या आसपास माणसं होती. 2011 मध्येही जवळपास तितकीच. त्या काळी आयुर्मान इतकं कमी होतं की आजोबा, मुलगा, नातू एका वेळी हयात असणं आजच्याइतकं सर्रास नव्हतं. सातपुड्यातल्या भिल्ल वस्त्यांत तर लग्नानंतर मुलाने वेगळी झोपडी बांधायची रीत जुनीच.

अर्थात, नुसत्या सरासरीवर भिस्त ठेवू नका. तेव्हा मुलं जास्त असत, आता कमी; म्हणून सरासरी तीच असली तरी घरातली माणसं तशीच होती असं नाही.

पडताळायचं तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून शेताचे जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढा. भावाभावांतल्या वाटणीच्या नोंदी पणजोबांच्या काळातल्याही सापडतील. फक्त, चूल बरेचदा जमिनीआधीच वेगळी झालेली असे, आणि तिची नोंद कुठल्याच कागदावर नसते. ते घरातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागेल.