लॉगिनचं टेबल डेटाबेसबाहेर कसं पडलं

धंदा थोडा वाढला, माणसं पंचवीस-तीसच्या वर गेली की सॉफ्टवेअरवाल्याकडून दोन कोटेशनं येतात. एक डेटाबेसचं आणि दुसरं आयडेंटिटी मॅनेजमेंटचं, म्हणजे कोणी कुठल्या सिस्टिममध्ये शिरायचं, काय पाहायचं, काय बदलायचं हे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं. पैसे एकापुरतेच असतात. मग मालक विचारतो, "युजर आणि पासवर्ड डेटाबेसमध्येच राहतात ना, मग हे दुसरं कशाला?" प्रश्न रास्त आहे, कारण कित्येक वर्षं बहुतेक सगळे तसंच करत होते. ते का बदलावं लागलं, हे कळल्याशिवाय या दोन कागदांत निवड करायला बसू नये.

पासवर्ड हा आजच्या डेटाबेसपेक्षा जुना आहे. 1961 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेला, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने जादा वेळ मिळावा म्हणून ती फाइलच छापून घेतली. 1966 मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्यांसमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड आले. आतल्या माणसाने यादी उचलणं आणि चुकून यादी उघडी पडणं, हे दोन्ही प्रकार इतके जुने आहेत.

डेटाबेसची वाट वेगळ्या गरजेतून निघाली. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांसोबत आयएमएस हा डेटाबेस तयार केला. 1970 मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या रूपात मांडण्याची कल्पना दिली, त्यातून पुढे एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा आली आणि 1979 मध्ये ओरॅकल हा डेटाबेस बाजारात आला. या साऱ्या घराण्याचा जीव व्यवहारात आहे. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर व्यवहार पूर्ण तरी व्हावा नाहीतर झालाच नाही असं धरलं जावं. डेटाबेस हे उत्तम करतो. समोर बसलेला माणूस खरोखर तोच आहे का, हा त्याच्या जन्मापासूनचा प्रश्न नव्हता.

आपल्याकडे हा फरक बराच काळ कोणाला जाणवलाही नाही. 1990 च्या दशकात पतसंस्था, घाऊक दुकानं, छोटे कारखाने डीबेस आणि फॉक्सप्रो या छोट्या संगणकांवरच्या डेटाबेसवर चालत. लॉगिन म्हणजे बहुधा 'युजर्स' नावाची एक डीबीएफ फाइल, म्हणजे या डेटाबेसचं एक टेबल. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात पासवर्ड. फॉक्सप्रो सुरू करून ती फाइल 'यूज' केली आणि 'ब्राउज' टाइप केलं की मॅनेजरपासून कॅशियरपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड पडद्यावर. प्रोग्राममध्ये पासवर्ड विचारला जाई, पण फाइलला दार नव्हतंच. एकाच खोलीत चार माणसं काम करत होती आणि एकमेकांना ओळखत होती, तोवर ते निभावून गेलं.

वास्तविक यावरचा इलाज तेव्हाही ठाऊक होता. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्येच युनिक्सचा अनुभव लिहून ठेवला होता: पासवर्ड साठवूच नका, त्यावर उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करून आलेलं रूप साठवा, आणि त्याआधी प्रत्येक पासवर्डला वेगळी जोड द्या, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी साठवलेलं रूप वेगळं दिसेल. या जोडीला सॉल्ट म्हणतात. इतकं असूनही 2009 मध्ये रॉकयू या कंपनीकडून 3 कोटी 20 लाख पासवर्ड साध्या अक्षरांत बाहेर पडले, आणि 2012 मध्ये लिंक्डइनच्या फुटलेल्या पासवर्डांना सॉल्ट नव्हतं. इतक्या मोठ्या कंपन्यांचं हे झालं, म्हणून आपल्या प्रोग्रामरने घरी बनवलेल्या पासवर्डच्या टेबलावर विसंबू नये असं मी आग्रहाने म्हणतो.

लॉगिन डेटाबेसबाहेर पडायला सुरुवात झाली ती कंपन्यांमध्ये संगणक शेकड्यांनी आले तेव्हा. प्रत्येक सर्व्हरवर वेगळा युजर, वेगळा पासवर्ड. माणसांची यादी दिवसात हजारो वेळा वाचली जाते आणि क्वचित बदलते, शिवाय ती कंपनी, विभाग, माणूस अशी उतरंडीची असते. अशा यादीसाठी 1988 मध्ये एक्स-500 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. ते फार अवजड होतं, म्हणून मिशिगन विद्यापीठात टिम होज यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये एलडॅप हे हलकं रूप निघालं. त्याच वर्षी नॉवेल कंपनीने नेटवेअर या आपल्या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी यादी, म्हणजे डिरेक्टरी, दिली. एमआयटीत करबेरोस ही ओळख पटवण्याची पद्धत तयार झाली होती. त्यात पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. सकाळी एकदा ओळख पटली की ठरावीक मुदतीचं तिकीट मिळतं आणि पुढे प्रत्येक सर्व्हरला ते तिकीटच दाखवलं जातं. मायक्रोसॉफ्टने एलडॅप आणि करबेरोस एकत्र करून विंडोज 2000 सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली. तिथे या तिकिटाची मुदत मुळात 10 तासांची ठेवलेली असते, म्हणजे कामाचा दिवस निघतो.

मग एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा हिशेबाचा घोटाळा झाला आणि 2002 मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. ऑडिटर विचारू लागले: हिशेबाच्या सिस्टिममध्ये बदल करण्याचा अधिकार कोणाला, तो कोणी दिला, नोकरी सोडून गेलेल्याचा काढून घेतला का? उत्तरं देणारी सॉफ्टवेअरं अचानक मोलाची झाली. अशी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपन्या मोठ्यांनी विकत घेतल्या: आयबीएमने 2002 मध्ये ॲक्सेस 360, सन या संगणक कंपनीने 2003 मध्ये वेव्हसेट, ओरॅकलने 2005 मध्ये ऑब्लिक्स आणि थॉर. आजचा गोंधळ इथूनच आहे. डेटाबेस विकणारेच आयडेंटिटी विकू लागले, त्यामुळे एकाच विक्रेत्याच्या यादीतल्या या दोन वस्तू म्हणजे एकाच गरजेचे दोन पर्याय असावेत असं वाटतं. पुढे सॉफ्टवेअर क्लाउडवर गेलं, 2005 मध्ये सॅमल 2.0 हे एका ठिकाणी पटलेली ओळख दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळवण्याचं मानक आलं, 2009 मध्ये आयडेंटिटीची सेवा विकणारी ओक्टा स्थापन झाली, आणि ओळख पटवणं ही स्वतंत्र सेवा झाली.

हा फरक सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसला तो भारतात. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. आधारची माहिती साठवणारा डेटाबेस आहेच, पण पडताळणीच्या साध्या विनंतीला तो माणसाची माहिती देत नाही, फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळवतो. आयडेंटिटी व्यवस्थेच्याही पोटात कुठेतरी डेटाबेस असतोच. त्याला बाहेरच्या कुणाला हात लावू न देणं, हे तिचं काम.

कायद्यानेही आता छोट्या कंपन्यांना यात ओढलं आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारा एडिट लॉग, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद, हवा. पण पाचही जण 'ॲडमिन' या एकाच नावाने शिरत असतील, तर लॉगमध्ये पाच माणसांची कामं एकाच नावावर दिसतात आणि बदल कोणी केला ते शोधता येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा तर पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो.

म्हणून कोटेशन समोर आलं की माझा कल असा. हिशेबाचं किंवा ईआरपी, म्हणजे सगळा धंदा एकत्र सांभाळणारं, सॉफ्टवेअर विकत घेतलं असेल तर डेटाबेसचा निर्णय बहुतांशी त्यातच झालेला असतो. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घेत असाल तर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस बहुतेक धंद्यांना पुरतो आणि त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. मायएसक्यूएलही चालेल, मात्र ते 2008 मध्ये सनकडे आणि 2010 मध्ये ओरॅकलकडे गेलं, त्या धास्तीतून मारियाडीबी हा त्याचाच वेगळा झालेला डेटाबेस निघाला, हे माहीत असावं. डेटाबेस बदलणं महागात पडतं, म्हणून मालकी कोणाची हे आधी पाहावं.

आयडेंटिटीचा खर्च वेगळ्या रीतीने येतो, माणशी दरमहा. त्यामुळे नवीन काही घेण्याआधी हाताशी काय आहे ते तपासावं. कंपनीचं ईमेल मायक्रोसॉफ्ट 365 किंवा गूगल वर्कस्पेसवर असेल तर लॉगिनची मूळ सेवा त्यातच मिळते, आणि सॅमल समजणारं इतर सॉफ्टवेअर तिला जोडता येतं. सांभाळणारा जाणकार असेल तर कीक्लोक हे आयडेंटिटीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. विक्रेत्याला एकच गोष्ट समोर करून दाखवायला सांगावी: एका कर्मचाऱ्याचं नाव एका जागी बंद केल्यावर हिशेब, गोदाम, ईमेल आणि पगार या चारही ठिकाणी त्याचा प्रवेश किती वेळात थांबतो.