शाळांमधील कृत्रिम बुद्धिमत्ता : वापर व नियमन (नागपूर)

शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) कोणत्या कामाला वापरायची, तिच्यात कोणती माहिती घालायची आणि तिने दिलेले उत्तर तपासून त्याखाली सही कोणी करायची, हे आधीच ठरवून ठेवण्याची पद्धत. चॅटजीपीटी हा लिहिलेल्या प्रश्नांना उत्तरे देणारा चॅटबॉट ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुला झाला, तेव्हापासून हा प्रश्न संगणक कक्षापुरता राहिला नाही. शाळेने मोबाइलवर बंदी घातली तरी प्रकल्पवही घरीच लिहिली जाते, म्हणून सरसकट बंदीचा नियम कागदावरच राहतो. कामागणिक केलेला नियम टिकतो.

कायद्याची चौकट

सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला एआय हा ऐच्छिक विषय दिला. तिसरीपासून एआय शिकवण्याचा निर्णय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. विषय म्हणून एआय शिकवणे आणि शाळेच्या कामात ते वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही नोंद शाळेच्या कामातील वापराबद्दल आहे.

वापराच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक बंधने टप्प्याटप्प्याने लागू होतात. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि बालकाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शैक्षणिक कामासाठी शाळांना काही सवलती आहेत, पण शाळेने ज्या कंपनीचे ॲप घेतले तिला त्या आपोआप मिळत नाहीत. मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

प्रवेश अर्जाच्या तळाशी ‘शाळेचे सर्व नियम मान्य’ अशी एक ओळ छापून ही संमती मिळत नाही. कोणते ॲप, कशासाठी, कोणती माहिती, हे वेगवेगळे लिहावे लागते, आणि दिलेली संमती पालकाला परत घेता आली पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याचा हक्क आहे. नागपुरात मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांची सोय त्यात होते. गोंडी मात्र त्या अनुसूचीत नाही. गोंडी बोलणाऱ्या घरांतील पालकांना पालकसभेत तोंडी समजावून सांगणे हाच सरळ मार्ग आहे.

वयाबाबत युनेस्कोच्या सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेने चॅटबॉटशी मुलाने स्वतः बोलण्यासाठी किमान १३ वर्षे सुचवली आहेत. चॅटजीपीटीच्या अटींतही १३ वर्षांखालील मुलांना मनाई आहे आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणजे साधारण सातवीपर्यंत यंत्र शिक्षकाच्या हातात आणि मुलांच्या डोळ्यांसमोर असावे. मुलांच्या स्वतंत्र खात्यांचा विचार त्यानंतर.

माहिती बाहेर कशी जाते

बहुतेक वेळा माहिती बाहेर जाते ती कोणी चोरल्यामुळे नाही, तर शाळेतून घाईत केलेल्या कामामुळे. वर्गाच्या गुणांचे विश्लेषण करून घेण्यासाठी सर किंवा मॅडम आख्खी एक्सेल फाइल चॅटबॉटला देतात. त्याच फाइलमध्ये आईचे नाव, जन्मतारीख, जात-प्रवर्ग आणि आधार क्रमांकाचे रकाने असतात. रकाना लपवला म्हणजे काम झाले असे वाटते, पण लपवलेला रकाना फाइलबरोबरच जातो. शेजारच्या शीटवरची यादीही जाते.

म्हणून नवी कोरी फाइल उघडावी आणि तिच्यात फक्त गुणांचे रकाने ‘मूल्ये म्हणून पेस्ट’ करावेत. नावांच्या जागी वि१, वि२ असे क्रमांक द्यावेत. हजेरीचा क्रमांक वापरू नये, कारण तो वर्गातल्या कोणालाही ओळखता येतो. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी कागदावर मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. आजार, अपंगत्व, समुपदेशन किंवा घरची परिस्थिती यांविषयीचा मजकूर नाव काढूनही घालू नये; लहान शाळेत चार तपशिलांवरून मूल सहज ओळखू येते.

चेहरा ओळखून हजेरी घेणाऱ्या यंत्रांबाबत जास्त सावध राहावे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. मुलांच्या चेहऱ्यावरून ‘लक्ष आहे की नाही’ सांगणारी उत्पादने शाळांनी घेऊच नयेत. भावना ओळखण्याची अशी यंत्रणा युरोपीय संघाने शिक्षणसंस्थांमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून निषिद्ध केली आहे, अपवाद फक्त वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा.

शिक्षकाचे काम

पाठाचे टाचण, सरावाचे प्रश्न आणि सूचनापत्रांचा मसुदा यांत वेळ खरोखर वाचतो. मात्र इयत्ता, पाठ, अध्ययन निष्पत्ती, ३५ मिनिटांची तासिका, ५० मुले आणि ‘साधन फक्त फळा’ एवढे सगळे लिहून द्यावे लागते. नाहीतर प्रोजेक्टर आणि पाच गटकामे असलेले टाचण येते, जे एका तासिकेत बसत नाही. घटक चाचणीसाठी दहा प्रश्न हवे असतील तर तीस मागावेत आणि प्रत्येकाचे उत्तर स्वतः सोडवून दहा निवडावेत.

मराठीत चुका जास्त होतात. यंत्र मजकूर अक्षरांनी नाही तर तुकड्यांनी वाचते, आणि देवनागरीतील जोडाक्षरांचे तुकडे वेडेवाकडे पडतात. त्यामुळे वृत्तातील लघु-गुरूंची मोजणी भरवशाची नसते. समास आणि प्रयोग यांची उदाहरणेही ताडून पाहावी लागतात. वाक्यांना हिंदीचे वळण येते, आणि नागपूरच्या बोलण्यात हिंदी आधीच मिसळलेली असल्याने ते कोणाच्या कानाला खटकतही नाही. उलट ‘मी वाचून राहिलो’ म्हणणाऱ्या मुलाला वाचन तपासणारे ॲप चुकीचे ठरवू शकते. अशा ॲपचे गुण प्रगतिपुस्तकात घेऊ नयेत.

प्रकल्प आणि गुण

राज्य मंडळाच्या दहावीला भाषेचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. गणितातही अंतर्गत गुण आहेत. यंत्राने लिहिलेला मजकूर शिरतो तो याच गुणांत. तो ‘पकडणाऱ्या’ साधनांवर विसंबू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये बंद केले. कंपनीच्याच चाचणीत यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याने ओळखला, तर माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवला. ५० प्रामाणिक मुलांच्या वर्गात हे प्रमाण चार-पाच निर्दोष मुलांवर ठपका ठेवते, आणि तोही इंग्रजी मजकुराबाबत.

खरी तपासणी तोंडी होते. प्रत्येकाला तीन मिनिटे, प्रश्न दोनच : यातला कोणता भाग तू बदललास आणि का, हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग. ५० मुलांना दीडशे मिनिटे, म्हणजे चारपेक्षा जास्त तासिका लागतात. सत्राच्या शेवटी त्या मिळत नाहीत, म्हणून आठवड्याला दहा मुले घेऊन पाच आठवड्यांत हे काम उरकावे. एआयची मदत घेतली असल्यास वहीच्या शेवटच्या पानावर विचारलेला प्रश्न आणि आलेले उत्तर लिहायला लावावे; त्यासाठी गुण कापू नयेत. कापले की मुले लपवतात.

पडताळणी शिकवण्यासाठी नागपूरकरांच्या ओळखीचा विषय म्हणजे शहरातील झिरो माइल हे दगडी स्मारक. ‘भारताचा भौगोलिक मध्य’ असे त्याचे वर्णन इंटरनेटवर इतक्या वेळा आले आहे की यंत्रही ते ठामपणे सांगण्याची शक्यता मोठी. मध्य काढताना हद्द फाळणीपूर्व धरायची की आजची, बेटे धरायची की वगळायची, हे वर्गात विचारावे. प्रत्येक उत्तराबरोबर मध्य सरकतो. मग प्रत्यक्ष दगडावरची त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ सालची उंचीची खूण पाहावी. ती समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते, देशाचा मध्य नाही. यंत्राला सलग दोनदा विचारून दोन्ही उत्तरांतील फरक फळ्यावर मांडला तर दोन तासिकांचा हा पाठ आठवीला पुरतो.

शाळेची व्यवस्था

धोरण एका पानाचे असावे, शिक्षक खोलीत लावलेले. अनुदानित व महापालिकेच्या शाळांत ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे (तिथे शिक्षण हक्क कायद्यानुसार किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात), विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघापुढे. मान्य साधनांची यादी वर्षातून दोनदा तपासावी. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पहिली तपासणी जूनमध्ये निवांत होते. दुसरी दिवाळीच्या सुटीआधी. नोंदवहीत तारीख, साधन, काम, घातलेली माहिती आणि तपासणाऱ्याची सही एवढे पाच रकाने पुरतात. खाते शाळेच्या ईमेलवर काढावे. शिक्षकाच्या खासगी क्रमांकावर काढलेले खाते बदलीबरोबर निघून जाते आणि त्यातली माहितीही.

विद्यार्थिनीचे किंवा विद्यार्थ्याचे एआयने केलेले बनावट अश्लील छायाचित्र फिरू लागले तर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर ते ‘पुरावा’ म्हणून टाकू नये. पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. खात्याचे नाव, दुवा आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी, पालकांना बोलवावे आणि पोलिसांना कळवावे. पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याखाली कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. चित्र बनवणारा वर्गातलाच अल्पवयीन मुलगा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. शाळेने परस्पर मिटवू नये.