कॅडिसफ्लाय: ना माशी, ना पतंग

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात व्हाळाकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या घरांत रात्री दिव्याभोवती करडी पाखरं जमतात, ती कॅडिसफ्लाय. त्यांना कुणी पतंग म्हणतं, तर इंग्रजी नाव ऐकलेले माशी. दोन्ही चूक. माशीला पंख दोन, कॅडिसफ्लायला चार. पतंगाच्या पंखांवर खवले, हिच्या पंखांवर बारीक केस. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये हिला जाळपंखी कीटकांत टाकलं होतं. १८१३ मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ कर्बीने ट्रायकोप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचा, हा वेगळा गण केला. पतंग-फुलपाखरं ही मात्र तिची सगळ्यांत जवळची भावकी, त्यामुळे घोटाळा क्षम्यच! दोघांच्याही अळ्या रेशीम काढतात. कॅडिसची अळी बहुधा पाण्यात वाढते आणि कित्येक जातींत त्या रेशमाने वाळूचे कण, काटक्या चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते. व्हाळातला एखादा दगड उलटून बघा, चिकटलेलं दिसेल.