म्हैस पान्हावते आणि म्हैस कडी काढते

आजोळच्या गोठ्यात एक म्हैस होती. मामी चरवी घेऊन परसात उतरायची, चरवी दगडाला टेकल्याचा ठण्ण आवाज व्हायचा, आणि मामीचा हात कासेला लागायच्या आधीच म्हैस पान्हावायची. कधी कधी सडांतून दोन-चार थेंब आपोआप खाली पडायचे. याच म्हशीची दुसरी ख्याती अशी की फाटकाची कडी ती शिंगाने उचलायची आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर ताव मारायची. मामा दोन्ही गोष्टींचं कारण एकच सांगायचे, ‘सवय लागलीय तिला.’

सवय हा शब्द इतका ऐसपैस आहे की शिकण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार त्यात आरामात मावतात. पाठ्यपुस्तकात पान्हावण्याला अभिजात अभिसंधान म्हणतील, म्हणजे एका गोष्टीमागून दुसरी येते हे शिकणं, आणि कडी काढण्याला साधक अभिसंधान, म्हणजे काय केलं की काय मिळतं हे शिकणं. डी.एड., बी.एड. केलेल्यांना ही नावं पाठ असतात. कुत्रा पावलॉव्हचा आणि उंदीर स्किनरचा, हेही पाठ असतं. तरी घरातलं एखादं उदाहरण समोर ठेवलं की हमखास घोळ होतो. तो व्हावा यात नवल नाही, कारण दोन्हीकडे एक खूण असते, प्राण्याची काहीतरी हालचाल असते आणि शेवटी खायला मिळतं. कागदावर आकृती काढली तर दोन्ही आकृत्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

इव्हान पावलॉव्ह मुळात या भानगडीत पडणारच नव्हता. तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता, आणि 1904 साली त्याला नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत त्याने कुत्र्यांच्या लाळग्रंथीची नळी शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणली होती, म्हणजे लाळेचे थेंब मोजता येत. अन्न तोंडात पडल्यावर लाळ सुटणार, हे अपेक्षितच होतं. पण जुन्या, सरावलेल्या कुत्र्यांना अन्न आणणारा माणूस दिसला तरी लाळ सुटू लागली. दुसऱ्या कुणी ही मोजमापातली खोट समजून बाजूला सारली असती. पावलॉव्हने पुढची तीसेक वर्षं त्या खोटीलाच दिली. घंटा आपल्याकडे चित्रांमुळे प्रसिद्ध झाली, पण त्याच्याकडे मेट्रोनोमची, म्हणजे ताल धरणाऱ्या यंत्राची टिकटिक, बझर, दिवे असं बरंच काही होतं. टिकटिक व्हायची, मग मांसाची पूड मिळायची. काही फेऱ्यांनंतर नुसत्या टिकटिकीवर लाळ गळायची.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कुत्र्याने लाळ गाळली काय किंवा नाही गाळली काय, मांसाची पूड येणारच होती. कुत्र्याच्या हातात काही नव्हतं. तो फक्त शिकत होता की याच्यानंतर ते येतं.

एडवर्ड थॉर्नडाइकने 1898 साली आपल्या प्रबंधात मांडलेली मांजरं याच्या नेमकी उलट स्थितीत होती. फळकुटांच्या खोक्यात मांजर कोंडलेलं, बाहेर खाणं. दोरी ओढली किंवा खटका दाबला तर दार उघडणार, नाहीतर मांजर बसलंय आत. आधी ते ओरबाडायचं, चावायचं, फटीतून पंजा घालायचं आणि कधीतरी योगायोगाने खटका दाबला जायचा. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की सुटायला लागणारा वेळ हळूहळू खाली यायचा. ‘अहाहा, कळलं!’ असा क्षण थॉर्नडाइकला त्या आलेखांत दिसला नाही. ज्या कृतीने फळ मिळतं ती टिकते, बाकीच्या गळून पडतात, एवढंच दिसलं. बी. एफ. स्किनरने पुढे खोकं सुटसुटीत केलं. एक दांडा, खाद्याच्या गोळीसाठी एक वाटी, आणि दाबण्याची नोंद ठेवणारं यंत्र. त्याचं मोठं पुस्तक 1938 साली आलं. दांडा दाबला नाही तर गोळी नाही, हा त्या खोक्याचा एकमेव कायदा.

म्हणून उदाहरण कुठलंही असो, पहिला प्रश्न असा विचारावा: प्राण्याने काही केलं नसतं, तरी ते आलं असतं का? आलं असतं, तर पावलॉव्हच्या घरातली गोष्ट. नसतं आलं, तर स्किनरच्या.

मराठी बोलणाऱ्याला आणखी एक सोय आयती मिळालेली आहे. चिंच दिसली की मला पाणी सुटतं. डॉक्टरच्या दारातला स्पिरिटचा वास आला की मला धडधडतं. काटा येतो, शहारा येतो, मळमळतं, रडू येतं, भीती वाटते. यातल्या एकाही वाक्यात मी काही करत नाही, मला होतं. उलट मी कडी काढतो, मी दार वाजवतो, मी प्रगतिपुस्तक लपवतो. ‘मला होतं’ ही साधारणपणे पावलॉव्हची हद्द आणि ‘मी करतो’ ही स्किनरची. कुठल्या एका लग्नात बासुंदी खाल्ल्यावर उलट्या झाल्या आणि मग दहा वर्षं बासुंदीचं नाव काढलं तरी ढवळतं, हे पहिल्या हद्दीतलं फार चिवट शिकणं. दोष बासुंदीचा होता की त्या दिवशी आलेल्या तापाचा, पोटाला पर्वा नसते. जॉन गार्सियाने 1966 साली उंदरांवर दाखवलं की मळमळ चवीला पटकन चिकटते, दिव्याला किंवा आवाजाला तितकी नाही. म्हणजे कशाशीही काहीही जोडता येतं, हा समजही बरोबर नाही.

पान्हा या भाषिक कसोटीला अगदी फिट बसतो. म्हशीच्या कासेत आयतं साठलेलं दूध थोडंच असतं. बरंचसं वर बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं आणि ते खाली यायला मेंदूकडून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटावं लागतं. रेडकाने ढुशी दिली की ते सुटतं, ही झाली जन्मजात गोष्ट. चरवीचा आवाज, आंबोणाचा वास, ठरावीक बाईचे ठरावीक हात, या नंतर चिकटलेल्या खुणा. म्हणूनच कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर भर रहदारीत म्हशी धारोष्ण दूध देतात. त्यांच्या लेखी हॉर्नचा आवाज परका नसतो, परका असतो नवखा माणूस. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीसमोर ठेवायची जुनी रीत होती, तीही खुणेच्याच जोरावर चालायची. आणि माणूस बदलला, कुणी खेकसलं, तर भीतीने हाच मार्ग बंद होतो. गावात त्याला म्हणतात, ‘म्हैस दूध चोरते.’ हा शब्द मला खटकतो. चोरी म्हणजे करणं. इथे म्हशीला होतंय, आणि आपण तिच्यावर गुन्हा दाखल करतोय.

पण भाषेची कसोटी दोन ठिकाणी पाय घसरवते, आणि खरी मजा तिथेच आहे.

पहिली जागा नंदीबैलाची. गुबूगुबू वाजतं, मालक विचारतो, ‘पाऊस पडंल का?’ आणि नंदी मान डोलावतो. खूण झाली, हालचाल झाली. बघणारा म्हणेल, हा तर पावलॉव्ह. नाही. मान डोलावली की नंदीच्या पदरात काहीतरी पडतं किंवा मागचं काहीतरी टळतं, आणि नाही डोलावली तर तसं होत नाही. मालकाची खूण त्याला एवढंच सांगते की आत्ता डोलावलंस तर उपयोग आहे. ती मानेला ओढून हलवत नाही. खूण दिसली म्हणून पावलॉव्ह, हा परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांमधला सगळ्यात वारंवार दिसणारा गोंधळ असावा.

दुसरी जागा कबुतरांची, आणि ती जास्त विलक्षण आहे. 1968 साली ब्राउन आणि जेंकिन्स यांनी भुकेल्या कबुतरांसमोर एक गोल बटण आठ सेकंद उजळवलं आणि मग दाणे दिले. कबुतराने काहीही करायची गरज नव्हती. तरी थोड्याच फेऱ्यांत कबुतरं उजळलेल्या बटणावर चोची मारू लागली. चोच मारणं म्हणजे तर स्किनरच्या दुनियेतली आदर्श ‘कृती’. कुणी म्हणालं असतं, योगायोगाने चोच मारली, लगेच दाणे आले, म्हणून ती कृती पक्की झाली. पुढच्याच वर्षी डेव्हिड आणि हॅरिएट विल्यम्स यांनी तीही वाट बंद केली. त्यांनी नियम उलटा केला. चोच मारलीस तर त्या फेरीचे दाणे रद्द. स्वस्थ बसलास तर दाणे. कबुतरं तरीही चोच मारत राहिली आणि कितीतरी दाणे गमावत राहिली.

हा प्रयोग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. ‘करतो’ असं दिसणारं वागणं खरं तर ‘होतं’ असू शकतं. नंतर जेंकिन्स आणि मूर यांनी 1973 साली पाहिलं की बटणानंतर दाणे येणार असतील तर कबुतर दाणा टिपल्यासारखी झटक्यात टोच मारतं, आणि पाणी येणार असेल तर पाणी प्यायल्यासारखी संथ चोच लावतं. बटण त्याच्या दृष्टीने दाणा किंवा पाणी झालेलं असतं. चोचीला ते सुटलेलं पाणीच म्हणा.

तेव्हा पक्की कसोटी शब्दांत नाही, नियम उलटा करून बघण्यात आहे. वागण्याने नुकसान होऊ लागल्यावर वागणं बदललं, तर ते साधक. नुकसान होऊनही सुटत नसेल, तर पावलॉव्हची शंका घ्यावी. 1965 साली शेफील्डने कुत्र्यांवर हेच करून पाहिलं होतं. लाळ गाळलीस तर अन्न नाही. अन्नाची खूण झाल्यावर लाळ रोखून धरणं कुत्र्याला काही जमलं नाही.

बऱ्याचदा दोन्ही प्रकार एकाच घोटात असतात. ‘दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात’ ही म्हण घ्या. पांढरं, पातळ काहीतरी पेल्यात दिसलं की दचकायला होतं, हा पावलॉव्ह. ते दचकणं दुधावरून ताकावर घसरतं, कारण दोन्ही दिसायला सारखी. 1920 साली वॉटसन आणि रेनर यांनी लहानग्या अल्बर्टला पांढऱ्या उंदराची भीती घातली, तेव्हा तीही अशीच सशावर घसरली होती. (असला प्रयोग आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये.) पण फुंकणं मात्र स्किनरचं आहे. फुंकलं की धास्ती उतरते, म्हणून फुंकणं टिकतं. मानसशास्त्रज्ञ मोरर याने 1947 मध्ये नकोसं टाळण्याच्या वागण्याबद्दल साधारण हीच दुहेरी मांडणी केली: भीती एका वाटेने शिकली जाते, पळ काढणं दुसऱ्या. आणि ताक कधी पोळत नाही हे कळणार कसं, जर प्रत्येक वेळी फुंकूनच प्यायचं असेल?

फुंकण्यावरून आठवलं. धास्ती उतरल्यामुळे वागणं वाढतं, याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि त्याला शिक्षा समजणं हा आणखी एक लोकप्रिय घोळ. ऋण म्हणजे वाईट नव्हे, ऋण म्हणजे वजा. नकोसं काहीतरी वजा झालं म्हणून वागणं वाढलं तर ते प्रबलन. शिक्षेने वागणं घटतं. गाडीत पट्टा लावेपर्यंत होणारी कटकट पट्टा लावल्यावर थांबते, हे ऋण प्रबलन. पोलिसाने पावती फाडली, ही शिक्षा. एवढं पुरे.

दोन प्रकार एकत्र नांदतात तसे भांडतातही. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे स्किनरचे विद्यार्थी. पुढे त्यांनी जाहिराती आणि खेळांसाठी प्राणी शिकवण्याचा धंदाच काढला. एका रॅकूनला त्यांनी नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं, बदल्यात खाऊ. एका नाण्यापर्यंत कसंबसं जमलं. दोन नाणी दिल्यावर रॅकून ती एकमेकांवर घासत बसू लागला, डब्यात बुडवून परत बाहेर काढू लागला, जसं तो खाण्याच्या वस्तूचं करतो. खाऊ लांबणीवर पडत होता, तरी घासणं वाढतच गेलं. नाणं खाऊच्या इतकं जवळ आलं होतं की रॅकूनच्या लेखी तेच खाऊ झालं. 1961 साली त्यांनी हे छापलं, आणि गुरूच्या मांडणीला शिष्यांनीच आतून दिलेला तो धक्का होता.

मामांनी यातलं काही वाचलं नव्हतं, पण एका पावसाळ्यात दोन्ही प्रयोग करून बघितले. फाटकाच्या कडीला तार गुंडाळली. म्हशीने पहिले दोन-तीन दिवस कडीवर पूर्वीपेक्षा जोरात शिंगं आपटली, एकदा फळीही फोडली, आणि मग कडीकडे बघणं सोडून दिलं. दुसरं त्यांनी असं ठरवलं की ही आंबोणासाठी दूध अडवून धरते, तेव्हा आधी दूध, मग आंबोण. मामी नको म्हणत होती. चार दिवस म्हैस कोरड्या गव्हाणीसमोर उभी राहिली, कास दगडासारखी, आणि चरवीत रोजच्या निम्मंही उतरेना. गोठ्यात चाललेल्या आरडाओरड्याचाही त्यात हात असणार, त्यामुळे प्रयोग काही स्वच्छ म्हणता येणार नाही. पाचव्या संध्याकाळी मामीने मामांना न विचारता आंबोणाचं घमेलं आधी ठेवलं आणि मग चरवी दगडावर टेकवली. कडीची तार मात्र तशीच राहिली.