ओली वाकळ आणि पोराचा दोष

पावसाळ्यात कोल्हापुरात वाकळ वाळायला दोन-दोन दिवस लागतात. दहा-बारा वर्षांचं पोरगं अजून अंथरूण ओलं करत असेल, तर ती वाकळ मागच्या दारी, गल्लीतून दिसणार नाही अशी टाकलेली असते. कितीही धुतली तरी एक कोपरा पिवळट राहतोच. "जंत झाल्यात", "आळशी हाय", "लाडावलंय" हे शेजारचे निदान ठरलेले. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून उभी केलेली बोर्डिंगं हा या शहराचा अभिमान. पण अशा मुलाला वसतिगृहात ठेवायचं म्हटलं की आजही आईच्या पोटात गोळा येतो.

तक्रार जुनीच आहे. शारंगधर संहितेत बालरोगांमध्ये 'शय्यामूत्र' आहे. म्हणजे जुन्या वैद्यांनी तो रोग मानला. खोड मानली ती आपण.

१९०४ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. फाउंडलर यांनी, मुलानं अंथरूण ओलं केलं की नर्सला कळावं म्हणून घंटा बसवली. नवल असं, की काही मुलं घंटेमुळे कोरडी राहू लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ माउरर दांपत्यानं त्याचीच उपचारपद्धती केली. तरीही पुढं बरीच वर्षं दोष मनाला आणि आईच्या वळणालाच दिला गेला.

चित्र पालटलं ते १९८० च्या दशकात. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या डॉक्टरांना दिसलं, की रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक यातल्या बऱ्याच मुलांत पुरेसं वाढतच नाही. मूत्राशय भरतं, पण गाढ झोपेत मेंदूला निरोप पोचत नाही. त्याच काळात माँट्रियलच्या डॉ. शॉन ओरेगन यांनी बद्धकोष्ठाकडं बोट दाखवलं: तुंबलेलं आतडं मूत्राशयावर रेटतं. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण शौचाबद्दल मोठ्या मुलाला घरात कुणी विचारतच नाही. आनुवंशिकताही आहे: आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर सुमारे ४४ टक्के मुलांत तो दिसतो, दोघांना असेल तर ७७ टक्के. पाच वर्षांच्या शंभरातल्या पंधराएक मुलांना तो असतो, तरुणपणी एखाद-दुसऱ्यालाच उरतो.

दिवसा कपडे ओले होणं ही वेगळी गोष्ट. शाळेतलं शौचालय घाण म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. त्यातून संसर्ग होतो, मूत्राशयाची लय बिघडते. एखादी मुलगी नीट लघवीला जाऊनही दिवसभर थेंब-थेंब ओली राहत असेल, तर मूत्रवाहिनी जन्मतःच भलत्या जागी उघडत असू शकते. पाठीच्या कण्याचा दोष, घोरणं, रात्री श्वास अडकणं ही कारणंही तपासावी लागतात.

आणि सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वाळत चाललं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी.